चार बोटांचा हिशेब

स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात आला की पाचगणीच्या फळप्रक्रिया कारखान्यांना जादा माणसं लागतात. समजा, ठेकेदारामार्फत आलेल्या तीस वर्षांच्या कामगाराचा हात गर काढायच्या यंत्रात सापडला आणि अंगठा सोडून चारही बोटं गेली. पगार 12 हजार. मालक दवाखान्यात येतो, पन्नास हजार देतो आणि ‘आता काही मागणं नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून घेतो.

कायद्याचा हिशेब निराळा आहे. 1923 सालचा भरपाई कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण आकडेमोडीची रीत तीच राहिली. पगाराचे 60 टक्के, म्हणजे 7,200 रुपये, वयाच्या गुणांकाने गुणायचे. तिसाव्या वर्षी तो 207.98. उत्तर येतं 14,97,456. ही कायमच्या, पूर्ण अपंगत्वाची रक्कम. एका हाताची चार बोटं गेल्यास कायद्यातल्या तक्त्यात 50 टक्के धरतात. म्हणजे 7,48,728 रुपये. उपचाराचा खर्च वेगळा. पगार मोठा असला तरी हिशेबात 15 हजारच धरायचे, ही 2020 ची मर्यादा मात्र आज फारच तोकडी वाटते.

तक्ता म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. डावा हात कोपराच्या वरून कापावा लागलेल्या एका सुताराला सर्वोच्च न्यायालयाने 1975 साली पूर्ण अपंग मानलं. एका हाताने सुतारकाम होत नाही, एवढं साधं कारण. भरपाई अपघाताच्या दिवशीच देणं लागते, हेही त्याच निकालात आलं. महिनाभरात ती दिली नाही, तर 12 टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड.

‘माणूस ठेकेदाराचा’ ही सबब चालत नाही. काम कारखान्याच्या नेहमीच्या धंद्याचं असेल, तर कारखान्याने आधी द्यायचं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं. ईएसआयचा विमा असेल, तर मात्र लाभ तिथूनच मिळतो, दोन्हीकडून नाही.

आणि तो स्टॅम्पपेपर? भरपाईचा हक्क असा लिहून देता येत नाही. तो करार रद्दबातल ठरतो. दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. तोपर्यंत केस पेपर, हजेरीची नोंद आणि पगाराचा पुरावा जपून ठेवा, आणि अर्ज कुठे करायचा ते साताऱ्याच्या कामगार कार्यालयात विचारा.