उरलेले अन्न, उष्टे अन्न आणि आपले घर

अन्न वाया घालवू नये, उरलेले सांभाळून खावे, हा उपदेश आपल्या समाजातील जुन्या पिढीच्या गळी सहजासहजी उतरत नाही. आणि त्यास सबळ कारण आहे. येसकराची पाळी असलेल्या महार कुटुंबाने दारोदार फिरून भाकर गोळा करावयाची, लग्नकार्यात पंगत उठल्यावर पत्रावळीवरचे उष्टे उचलावयाचे, अशी गावगाड्याची रीत होती. ते अन्न वस्तुतः राबलेल्या श्रमाचा मोबदला होते. परंतु तो मोबदला अपमानाच्या रूपाने हाती पडत असे. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरांचे मांस आणि फेकलेल्या उष्ट्या तुकड्यांचा त्याग करण्याचे आवाहन केले. त्या त्यागाची स्मृती ज्या घरात जिवंत आहे, तेथे ‘शिळे खा’ असे कोणी सांगू लागला तर मन बंड करून उठते.

म्हणूनच प्रथम दोन शब्द निराळे करणे अगत्याचे आहे. उष्टे म्हणजे दुसऱ्याच्या ताटात राहिलेले. उरलेले म्हणजे आपल्याच भांड्यात, कोणाचेही बोट न लागता शिल्लक राहिलेले. उष्टे नाकारणे हा स्वाभिमान; उरलेले फेकणे हा केवळ निष्काळजीपणा. हा भेद पाली वाङ्मयातही आढळतो. धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवी नगरातील एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी उपदेश ऐकावयास आला. भिक्षुसंघाला वाढून झाल्यावर भोजन शिल्लक आहे काय, अशी विचारणा करून तथागतांनी ते त्यास आधी वाढावयास लावले आणि त्याची भूक शमल्यावरच धम्मदेसना दिली. त्यास भांड्यातले अन्न मिळाले, तेही बसवून, सन्मानाने. विनयपिटकातील सेखिय नियमांतही भात सांडत जेवू नये आणि पात्र धुतल्याचे शितांसह पाणी वस्तीत टाकू नये, असे दोन स्वतंत्र नियम आहेत. शितांचीही इतकी दखल घेणारी ही आचारसंहिता आहे.

आता आपल्या मंगरूळपीरकडे वळू. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या वाशीम जिल्ह्याच्या या तालुक्यात शेतीचे चित्र एका पिढीत पालटले. सोयाबीन हे खरिपाचे मुख्य पीक झाले आणि ज्वारीचा पेरा घटला. परिणामी घरचे धान्य घरी येईनासे झाले. कणगी गेली, पेव बुजले. त्यांच्या जागी दुकानातील पिशवी आणि रेशनचा गहू-तांदूळ आला. याचा अन्नाच्या नासाडीशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध निकटचा आहे. ज्वारीची भाकर कोरडी असल्याने दुसऱ्या दिवशीही खाण्याजोगी राहते. तिचा कुस्करा करावा, ताकात कालवावी, फोडणी द्यावी, हे सारे आपल्या आया-आज्यांना ठाऊक होते. भाताचे तसे नाही. रोजच्या जेवणात भाताचा वाटा वाढला, परंतु तो राखण्याचे ज्ञान मात्र भाकरीइतके मुरलेले नाही.

नासाडीचा हिशेब रेशनच्याच मापाने करून पाहावा. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. एखाद्या घरात रोज एक वाटी, समजा १०० ग्रॅम, शिजलेला भात टाकला जातो. त्यात कोरडे तांदूळ सुमारे ४० ग्रॅम असतात. महिन्याला ते १२०० ग्रॅम होतात. अर्थात घरातील एका माणसाचे सात दिवसांचे रेशन उकिरड्यावर गेले. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील ६० टक्के घराघरांतून गेले. भारतात हे घरगुती प्रमाण दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो धरले आहे. गरिबाच्या घरात ते याहून कमी असणार हे उघड आहे. तथापि, ज्याच्याजवळ थोडे आहे त्याला त्यातला घासही महाग पडतो.

उपायाचा आरंभ चुलीवर भांडे चढविण्यापूर्वी होतो. ‘भोजने मत्तञ्ञुता’ म्हणजे भोजनातील प्रमाणज्ञान. संयुत्तनिकायात द्रोणभर भात खाणाऱ्या पसेनदी राजाची हकीकत आहे. त्याने आपले प्रमाण क्रमाक्रमाने कमी करीत नालिकेवर आणले. आपल्या घरी राजाची भूक नसते, पण अंदाज मात्र अनेकदा राजेशाही असतो! तांदळाच्या डब्यात एकच ठरलेली वाटी ठेवावी. कोण जेवणार, कोण बाहेरगावी आहे, हे विचारून माप घ्यावे. आठवडाभर किती उरले त्यावर लक्ष ठेवले, तर माप आपोआप बसते. ताटात प्रथम थोडे वाढावे आणि मागून पुन्हा घेण्याची मुलांना सवय लावावी. मुलांच्या ताटातच सर्वाधिक टाकले जाते आणि आपण ते लाडाने सोडून देतो.

इतके करूनही भात उरलाच, तर तो कसा राखावा हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण येथे काटकसर जिवावर बेतू शकते. तांदळात ‘बॅसिलस सेरियस’ नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. शिजविताना जंतू मरतात, बीजाणू टिकतात. कोमट भात तासन्‌तास भांड्यात पडून राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष निर्माण करतात. त्यातील ओकारी आणणारे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून ‘उकळून घेतले की चालते’ ही समजूत चुकीची आहे. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ उघड्या हवेच्या उष्णतेत ठेवू नये. आपल्याकडील उन्हाळ्यात, जेव्हा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा एका तासाहूनही अधिक नाही. उरणार असे दिसताच भात ताटात पसरून निववावा, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. फ्रिज नसेल किंवा वीज वारंवार जात असेल, तर रात्रीचा भात राखण्याच्या भानगडीत पडूच नये. तेथे माप कमी घेणे आणि रात्री भाकर करणे हाच उपाय. वरणाबाबतही हेच. वास आलेले, तार सुटलेले, बुरशी धरलेले अन्न टाकावेच. भुईमुगाच्या शेंगदाण्यावर बुरशी दिसली तर ते निवडून-धुऊन खाऊ नयेत; त्यातील अफ्लाटॉक्सिन यकृतास घातक असते आणि भाजल्याने पूर्णपणे जात नाही.

धान्य कडक उन्हात वाळवून कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे, नवे धान्य जुन्यावर ओतू नये, हे बहुतेकांस माहीत आहे. भाजीचे मात्र नव्याने सांगावे लागते. आठवडी बाजारातून स्वस्त म्हणून आणलेली मेथी तिसऱ्या दिवशी पिवळी पडते. वऱ्हाडातील ऊन ही आपली मोफत संपत्ती आहे. गवार, मेथी, अंबाडी, हरभऱ्याचा पाला सावलीत वा उन्हात वाळवून ठेवण्याची जुनी रीत पुन्हा आणावयास हरकत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्टपणे बोलली पाहिजे. पुष्कळ घरांत अन्न वाया जात नाही, याचे कारण ते घरातील बाई खाते. सर्वांना ताजे वाढून ती मागाहून सकाळची भाकर आणि तळाचे वरण घेऊन बसते आणि आपण त्यास तिचा काटकसरीपणा म्हणतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. या आकड्यामागे कारणे अनेक आहेत, त्यांपैकी शेवटी आणि कमी खाणे हे एक आहे. गावाने जे उष्टे आपल्यावर लादले होते ते नाकारणाऱ्या घरात शिळे लादावयास दुसरे कोणी शोधले जाऊ नये. उपाय सोपा आहे. सर्वांनी एकत्र बसावे आणि सकाळची भाकर उरली असेल तर तिचे तुकडे आधी सर्वांच्या ताटात, घरधन्याच्या ताटातही, सारखे पडावेत.

विहारातील भोजनदानालाही हेच लागू आहे. वर्षावासाची समाप्ती, बुद्ध पौर्णिमा, १४ एप्रिल अशा प्रसंगी खीर आणि भात हटकून उरतो. आदल्या सायंकाळी येणाऱ्यांची संख्या घरोघर विचारून घ्यावी. तांदूळ एकाच वेळी न शिजविता दोन घाण्यांत शिजवावा, म्हणजे दुसरा घाणा गर्दी पाहून चढविता येतो. भांड्यातले जे उरेल ते गरम असतानाच स्वच्छ डब्यांतून वस्तीत द्यावे आणि देणाऱ्याने स्वतः नेऊन द्यावे. ताटातले उष्टे कोणाही माणसाला देऊ नये. ते शेळीला घालावे, किंवा विहाराच्या आवारात खड्डा करून पालापाचोळ्याच्या थरांत मुरू द्यावे. दोन-तीन महिन्यांत त्याचे खत बोधिवृक्षाच्या आळ्यात घालता येते.