प्रवासातील सुरांची शिदोरी

लांबच्या प्रवासाला निघताना पाण्याच्या बाटल्या, चिवड्या-लाडवांचे डबे आणि उलटीच्या गोळ्या मराठी कुटुंब सहसा विसरत नाही. टायरमधली हवा तपासली जाते, पेट्रोल भरले जाते, देवाला नमस्कार होतो. गाण्यांची आठवण मात्र गाडी गावाबाहेर पडल्यावर होते. मग मागच्या सीटवरून फर्माइशी सुरू होतात. आजोबांना नाट्यसंगीत हवे असते, आईला भावगीते, मुलांना कालपरवा आलेले काहीतरी. मोबाइलवर गाणे लावावे, तर ते पहिला घाट लागेपर्यंतच टिकते. डोंगर आडवा आला की अर्ध्या तानेत आवाज तुटतो आणि फोनच्या पडद्यावर एक चक्र गरगरत राहते.

कॅसेटच्या जमान्यात ही अडचण नव्हती. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट बाजारात आणली आणि १९८०च्या दशकात ती आपल्याकडे घरोघर व गाडोगाडी पोहोचली. फीत अडकायची, मग पेन्सिल घालून ती गुंडाळावी लागायची. पण एक गुण तिच्यात निर्विवाद होता. कुठलीही कॅसेट कुठल्याही टेपमध्ये वाजायची. दुकानदाराला कोणी ‘ही आमच्या गाडीत चालेल ना?’ असे विचारत नसे. आज पेन ड्राइव्ह खरेदी करताना नेमका हाच प्रश्न पडतो. एकच गाणे एमपी-३, एएसी, फ्लॅक, वेव्ह अशा अनेक रूपांत मिळते. यातले कोणते घ्यावे, कशावर साठवावे आणि ते किती वर्षे टिकेल, याचा विचार एकदा नीट करून ठेवला, तर पुढची अनेक वर्षे डोके शांत राहते.

दुधात पाणी किती?

हिशेब सीडीपासून सुरू करू. १९८२ साली आलेल्या सीडीवर आवाजाची दर सेकंदाला ४४,१०० वेळा नोंद होते आणि तीही डाव्या-उजव्या कानासाठी वेगवेगळी. एका मिनिटाच्या गाण्याला सुमारे साडेदहा एमबी जागा लागते. वेव्ह नावाची फाइल म्हणजे ही अख्खी नोंद, जशीच्या तशी. फ्लॅक ही २००१ साली आलेली पद्धत तीच नोंद घडी घालून ठेवते. जागा साधारण निम्मी ते दोनतृतीयांश लागते आणि घडी उलगडली की मूळ नोंदीतला कणही हरवलेला नसतो.

एमपी-३ची रीत वेगळी. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्झ ब्रँडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्यावर मोठे काम केले. तिच्या मुळाशी माणसाच्या कानाचा एक स्वभाव आहे. समोर ढोल-ताशा वाजत असताना शेजारचा माणूस कुजबुजला तर ते आपल्याला ऐकू येत नाही. मग ती कुजबूज साठवायचीच कशाला? एमपी-३ अशा झाकल्या जाणाऱ्या आवाजांना कात्री लावते. एएसी हे तिचेच १९९७ साली आलेले सुधारलेले भावंड. तेवढ्याच जागेत ते थोडे अधिक चांगले वाजते.

कात्री किती चालवायची, ते आपल्या हाती असते. १२८ केबीपीएसला एका मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो, ३२० केबीपीएसला सुमारे २.४ एमबी. १२८ची फाइल कुठे उघडी पडते ते ऐकायचे असेल, तर टाळ-मृदंगाच्या साथीचा एखादा अभंग लावावा. टाळांचा स्वच्छ किणकिणाट फसफसल्यासारखा होतो. मैफिलीतल्या टाळ्याही तशाच बिघडतात. ३२०च्या फाइलीत हे दोष बहुतेकांच्या कानांना सापडत नाहीत.

मग फ्लॅकच का घेऊ नये? घरात चांगले स्पीकर असतील तर जरूर घ्यावे. गाडीचे मात्र निराळे आहे. इंजिन, टायर, वारा आणि वातानुकूलन यंत्र मिळून धावत्या गाडीत आवाजाचा एक जाड थर असतो. आलापातल्या हलक्या जागा आणि तंबोऱ्याची मंद आस या थराखाली बुडतात, फाइल कितीही उंची असली तरी. शिवाय मोबाइलवरून ब्लूटूथने गाणे पाठवले, तर वाटेत त्याच्यावर बहुधा आणखी एकदा कात्री चालते. म्हणून गाडीपुरते बोलायचे तर ३२०ची एमपी-३ किंवा २५६ची एएसी पुरेशी आहे. त्यातही एमपी-३ वाजत नाही असा स्टिरिओ सापडणे कठीण. स्टिरिओ जुना असेल तर तीच निवडावी. नव्या स्टिरिओच्या पुस्तिकेत चालणाऱ्या फाइलींची यादी असते. ती दोन मिनिटे काढून वाचावी.

एक मोह मात्र टाळायला हवा. १२८ची फाइल ३२०मध्ये किंवा फ्लॅकमध्ये बदलून घेतली की ती सुधारते, असा अनेकांचा समज असतो. पाणी घातलेले दूध मोठ्या पातेल्यात ओतले म्हणून घट्ट होत नाही. फाइल फुगते, आवाज तोच राहतो. उलट एका एमपी-३ची दुसरी एमपी-३ केली, तर पुन्हा कात्री चालून तो आणखी बिघडतो.

छप्पन्न गाण्यांची परीक्षा

फाइल चांगली निवडली, तरी ती योग्य क्रमाने वाजेल याची खात्री नसते. ‘गीतरामायण’च घ्या. १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झालेली ही ५६ गीते क्रमानेच ऐकायची असतात. फाइलींना १, २, ३ असे क्रमांक दिले, तर अनेक यंत्रे १ नंतर १०, मग ११ असे वाजवत जातात. दुसऱ्या गीताची पाळी यायच्या आतच कथा वनवासाच्या दिशेने निघालेली असते! उपाय साधा आहे. ०१, ०२, ०३ असे दोन आकडी क्रमांक द्यावेत.

काही स्टिरिओ तर नाव किंवा क्रमांक बघतच नाहीत. पेन ड्राइव्हवर फाइली ज्या क्रमाने उतरल्या, त्याच क्रमाने ते वाजवतात. अशा वेळी पेन ड्राइव्ह पुसून कोरा करावा आणि गाणी हव्या त्या क्रमाने पुन्हा भरावीत. पडद्यावर देवनागरी नावांऐवजी चौकोन दिसत असतील, तर स्टिरिओकडे आपली लिपी नाही असे समजून नावे रोमनमध्ये लिहावीत. विलंबित आणि द्रुत ख्याल अशा दोन फाइलींत तोडलेला राग असेल, तर तो जोडून एकच फाइल करणे उत्तम. एमपी-३च्या दोन फाइलींमध्ये पडणारी क्षणभराची फट बंदिशीचा रंग घालवते.

फोल्डरही मोजके आणि ओळखीचे असावेत: सकाळ, नाट्यसंगीत, मुलांचे, रात्रीचा प्रवास. हा केवळ टापटिपीचा भाग नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे सरकते. गाणे शोधायला तीन सेकंद नजर खाली गेली, की साठ-पासष्ट मीटर रस्ता न बघता मागे पडलेला असतो. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनुसार हातात फोन धरून गाडी चालवणे हे धोकादायक वाहन चालवणे ठरते. गाणी निवडण्याचे काम शेजारी बसणाऱ्याकडे द्यावे, नाहीतर ते निघण्यापूर्वीच उरकावे.

उन्हात तापणारा खजिना

साठवायचे कशावर, हा पुढचा प्रश्न. ३२ जीबीचा साधा पेन ड्राइव्ह घेतला, तर ३२०च्या एमपी-३ची सुमारे २२० तास गाणी मावतात. मुंबई-गोवा प्रवासाला बारा तास धरले, तर नऊ वेळा जाऊन येईपर्यंत एकही गाणे दुसऱ्यांदा वाजणार नाही. फ्लॅकमध्येही तासांचा आकडा नव्वदच्या आसपास जातो. फार मोठ्या पेन ड्राइव्हची गरज नाही ती यामुळे. रस्त्यावर कवडीमोलाने मिळणाऱ्या एक टीबीच्या पेन ड्राइव्हपासून तर लांबच राहावे. त्यावर लिहिलेली क्षमता अनेकदा खोटी असते. ठरावीक जागा भरली की पुढची गाणी नुसती नावापुरती दिसतात, वाजत नाहीत.

छोट्या पेन ड्राइव्हचा आणखी एक फायदा आहे. बहुतेक स्टिरिओ फॅट-३२ ही मांडणी वाचतात. ३२ जीबीपेक्षा मोठी मेमरी कार्डे एक्सफॅट मांडणीत येतात आणि जुन्या स्टिरिओला ती उमगत नाही. पेन ड्राइव्ह लावूनही स्टिरिओ मुका राहिला, तर दुकानात भांडायला जाण्यापूर्वी एवढे तपासून पाहावे. गाडीतले एखादे यूएसबी भोक फक्त चार्जिंगपुरतेच असते, तेही पाहावे.

पेन ड्राइव्हमध्ये फिरणारा भाग नसतो, त्यामुळे आपल्या रस्त्यांवरचे खड्डे तो सहन करतो. चकती फिरणाऱ्या हार्ड डिस्कला ते जमत नाही. त्याचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. त्याच्या आत विजेचे सूक्ष्म भार कोंडून ठेवलेले असतात आणि उष्णतेने ते लवकर गळतात. मे महिन्यात विदर्भात उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीच्या आत पारा ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. गाडी उभी करून जाताना पेन ड्राइव्ह खिशात टाकला तर बरे. तेही न जमले, तरी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: गाडीतला पेन ड्राइव्ह ही केवळ नक्कल असली पाहिजे. मूळ संग्रह घरीच हवा.

गाणे भाड्याचे की घरचे?

‘एवढा खटाटोप कशाला? महिन्याचे पैसे भरले की सगळी गाणी मोबाइलवर मिळतात,’ असे तरुण मंडळी म्हणतात. त्यात तथ्य आहे. नवे ऐकायला, शोधायला या सेवांइतकी सोय दुसरी नाही. त्यांच्यावर गाणी उतरवून ठेवली तर घाटातही वाजतात. पण ते घर भाड्याचे आहे. वर्गणी थांबली, की उतरवलेल्या गाण्यांनाही कुलूप लागते. सेवाच बंद पडली तर आवडीने केलेल्या याद्या जातात. एअरटेलची विंक ही सेवा अशीच २०२४ साली बंद झाली.

आणि प्रत्येक घरात असे काही असते, जे कुठल्याही सेवेवर कधीच मिळणार नाही. आजीने म्हटलेल्या ओव्या, गावच्या भजनी मंडळाचे कीर्तन, बारशाला टेप केलेला पाळणा. माळ्यावरच्या खोक्यात या कॅसेट पडून आहेत. फितीवरचा थर दर वर्षी थोडा थोडा झिजतो आहे आणि चालू स्थितीतला टेप रेकॉर्डर मिळणे दुर्मीळ होत चालले आहे. टेपच्या लाइन-आउटमधून एक तार संगणकात घालायची, ऑडॅसिटीसारखी मोफत प्रणाली सुरू करायची आणि कॅसेट वाजू द्यायची. तासाच्या कॅसेटला तासच लागतो, त्याला जवळची वाट नाही. नोंद फ्लॅकमध्ये करावी, कारण हे काम पुन्हा करण्याची संधी मिळेलच असे नाही. फाइलीला नाव देताना कोणाचा आवाज, कोणते गाव, कोणते साल हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहावे. सांगणारी माणसे आहेत तोवरच हे होऊ शकते.

मग त्या संग्रहाच्या दोन प्रती कराव्यात. एक घरी, दुसरी लेकीकडे किंवा भावाकडे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, दोन्ही उघडून वाजतात ना ते पाहावे. या फ्लॅकवरून ३२०च्या एमपी-३ करायला संगणकाला काही मिनिटे पुरतात. त्या गाडीच्या पेन ड्राइव्हवर भराव्यात. पेन ड्राइव्ह उन्हाने गेला, हरवला, पोराने पाण्यात टाकला, तरी नुकसान फार तर काही शे रुपयांचे. गाडी बदलेल, स्टिरिओ बदलेल, उद्या एमपी-३ची जागा दुसरे काही घेईल. घरी अस्सल नोंद असली, की तिच्यापासून पाहिजे ते रूप पुन्हा घडवता येते. पुढच्या गणपतीला कोकणात जाताना मागच्या सीटवरच्या नातवंडांना पणजीचा आवाज ऐकवायचा असेल, तर माळ्यावरचे खोके येत्या रविवारीच खाली काढायला हवे.