पाहुण्यांचे कपाट आणि लोणावळ्याचा पाऊस

तुमच्या घरात एखादे तरी कपाट असे असेल, की ते एरवी बंद असते आणि पाहुणे यायचे ठरले की उघडते. चांदीची अत्तरदाणी, गुलाबदाणी, पितळेचे तबक, पानाचा डबा, सोनेरी काठाच्या कपबश्या, सरबताचे काचेचे पेले अशा वस्तू त्यात असतात. लोणावळ्याला माझ्या आत्याकडे असे कपाट होते. मी तुमच्याएवढा असताना गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी आत्याने ते उघडले आणि कपाळाला हात लावला. अत्तरदाणी काळी, तबक तपकिरी, तांब्याच्या तांब्यावर हिरवट ठिपके, पेले धुरकटलेले आणि लाकडी तबकडीवर पांढरी बुरशी! चैत्रातल्या हळदीकुंकवानंतर सारे लखलखीत करून ठेवले होते. कपाटाला कुलूप होते. मग आत जाऊन हा उद्योग केला कोणी?

कुलूप लावले तरी हवा आत जातेच, आणि लोणावळ्याची पावसाळी हवा म्हणजे काय ते मावळातल्या मुलांना सांगायला नको. पुण्यात वर्षाकाठी सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवर, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यात तो चार हजारांच्याही पुढे जातो. जुलै-ऑगस्टमध्ये ढग चक्क घरात शिरतात. अशा हवेत प्रत्येक वस्तूवर पाण्याचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. हवेतले वायू त्यात विरघळतात आणि रासायनिक क्रिया सुरू होतात.

मी उत्साहाने म्हटले, “आत्या, मी घासतो सगळे!” आत्या गौरींच्या तयारीत होती, ती “बरं” म्हणाली. त्या एका “बरं”पायी काय झाले, ते ऐका.

चिंचेने पितळ उजळते एवढे मला ठाऊक होते. म्हणून मी चिंचेचा कोळ अत्तरदाणीला फासला. काळेपणा तसूभर हलला नाही. तेव्हा मी बारीक रांगोळी घेतली आणि खसाखसा घासले. अत्तरदाणी पांढरी झाली, पण तिच्यावर बारीक रेघांचे जाळे उमटले. शिवाय तळाशी पणजीचे नाव घातलेले होते, त्यातली दोन अक्षरे आधीच पुसट होती, ती आणखी पुसट झाली.

चांदीवरचा काळा थर म्हणजे बाहेरून येऊन बसलेला मळ नव्हे. ती चांदीच असते! हवेत हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू अत्यल्प प्रमाणात असतो. कुजक्या अंड्याला जो वास येतो तो याचाच. ओल्या हवेत चांदीचा त्याच्याशी संयोग होऊन सिल्व्हर सल्फाइड हे काळे संयुग तयार होते. थर पातळ असताना तो पिवळसर दिसतो, मग तपकिरी, मग निळसर काळा. थर घासून काढणे म्हणजे त्यात अडकलेली चांदी काढून फेकणे. रांगोळीने तर खालची चांगली चांदीही खरवडली जाते. पणजीचे नाव पुसट झाले होते ते काळाच्या ओघात नव्हे. चार पिढ्यांनी सणासुदीला घासून घासून ते पुसले होते.

आता चिंच का हरली? सिल्व्हर सल्फाइड सौम्य आम्लात विरघळत नाही. मग चांदी परत मिळवायची कशी? त्यातला गंधक दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायचा. हा प्रयोग घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन तुम्हांला करता येईल. ॲल्युमिनियमच्या जुन्या पातेल्यात (किंवा आत ॲल्युमिनियमचा वर्ख अंथरलेल्या कोणत्याही भांड्यात) कढत पाणी घ्या. त्यात मोठा चमचाभर खायचा सोडा आणि चिमूटभर मीठ टाका. काळा पडलेला चांदीचा चमचा त्यात असा बुडवा, की तो ॲल्युमिनियमला टेकलेला राहील. काही मिनिटांत काळेपणा ओसरू लागतो आणि कुजक्या अंड्याचा किंचित वास येतो. ॲल्युमिनियम आपले इलेक्ट्रॉन चटकन देऊन टाकते. ते सिल्व्हर सल्फाइडकडे जातात आणि त्यातली चांदी मोकळी होते. एका परीने तुम्ही पातेल्यात विजेचा घटच तयार केलेला असतो! चांदी कुठे जात नाही, जागच्या जागी परतते. पुढे स्वच्छ पाण्याने धुवून मऊ सुती कापडाने पुसले की झाले. मात्र खडे बसवलेल्या, लाखेने जोडलेल्या किंवा नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळ्या ठेवलेल्या वस्तूंना हा उपाय करू नका. मुद्दाम ठेवलेला काळेपणाही निघून जाईल.

चांदीला रबरबँड लावून ठेवू नये किंवा ती लोकरीत गुंडाळू नये असे सांगतात, त्याचे कारणही आता तुमच्या लक्षात आले असेल. दोन्हींमध्ये गंधक असतो. अंडी आणि कांदा यांच्यातही तो असतो.

आता तबकाकडे वळू. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त यांची मिश्रधातू. तिच्यावरचा तपकिरी थर मुख्यतः ऑक्साइडचा असतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओल यांमुळे पुढे हिरवट कार्बोनेटही तयार होते. हे थर मात्र आम्लात विरघळतात. म्हणून चिंचेतले टार्टारिक आम्ल किंवा लिंबातले सायट्रिक आम्ल इथे झटपट काम करते. आमसुलांचे पाणीही चालते. मी तबक चिंचेच्या पाण्यात टाकले. ते उजळू लागले, आणि आणखी उजळेल म्हणून मी ते रात्रभर तसेच ठेवले. सकाळी पाहतो तर पिवळ्या तबकावर गुलाबी-तांबूस डाग! थर विरघळल्यावर आम्ल थांबत नाही. ते धातूला हात घालते. जस्त तांब्यापेक्षा लवकर विरघळते, म्हणून पृष्ठभागावर तांबे उरते. ते डाग पुढे कधी पूर्णपणे गेले नाहीत. चिंच फासून दोन-चार मिनिटांत धुवावी, पाणी अजिबात राहू देऊ नये आणि लगेच कोरडे पुसावे. चिंचेबरोबर मीठ वापरले असेल तर धुण्यात दुप्पट काळजी घ्यावी, कारण नक्षीच्या खाचांत मीठ राहिले तर गंजणे आतल्या आत चालूच राहते.

ताक कळकते ते याच कारणाने. ताकातले आम्ल तांबे-पितळ विरघळवते आणि ते पोटात गेले तर मळमळते, ओकाऱ्या होतात. म्हणून पाहुण्यांसाठी सोलकढी, ताक, लिंबाचे सरबत कल्हई नसलेल्या भांड्यात मुळीच ठेवू नये. कल्हई म्हणजे कथलाचा लेप. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कल्हईवाला ते तापल्या भांड्यात कापसाच्या बोळ्याने सहज फिरवू शकतो. पण कथील फार मऊ असते. कल्हईच्या भांड्याला तारेची घासणी लावलीत, तर आठवड्यात खालचे तांबडे दिसू लागेल.

स्टेनलेस स्टीलबद्दल फार सांगायला नको. ते गुणी पोर आहे. त्यातल्या क्रोमियमचा ऑक्साइड होऊन एक अतिशय पातळ कवच बनते आणि ओरखडा पडला तरी ते पुन्हा भरून येते. फक्त लोखंडी काथ्याने घासू नये, कारण काथ्याचे कण त्यावर राहून गंजतात आणि बिचाऱ्या स्टीलला नावे ठेवली जातात. मिठाचे ओले भांडे रात्रभर तसेच ठेवले, तर मात्र स्टीललाही बारीक खड्डे पडतात.

काचेचा विषय निघाला की मावळच्या माणसाला तळेगाव आठवायलाच हवे. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी एक पैसा जमवून देशी उद्योग काढायची कल्पना मांडली. त्या काळी रुपयाचे चौसष्ट पैसे होत! लोकमान्य टिळकांनी या पैसा फंडाला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना उभा राहिला. परदेशात काचेचे शास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सुरुवातीला तो चालवला.

काच करायची तर मुख्य वस्तू वाळू, म्हणजे सिलिका. ती वितळायला सुमारे १७०० अंश तापमान लागते. सोडा घातला की ती बऱ्याच कमी तापमानाला वितळते. पण नुसता सोडा घातला तर होणारी ‘काच’ पाण्यात विरघळते! म्हणून चुना घालावा लागतो. या तिघांचे प्रमाण नीट जमले तरच पेला टिकतो. तरीही काचेच्या पृष्ठभागातला थोडा सोडियम ओलाव्यात बाहेर येतच असतो. ओले पेले एकात एक घालून चार महिने बंद ठेवले, तर ते धुरकटतात. आत्याच्या पेल्यांचे हेच झाले होते. तुमचा पेला धुरकट झाला असेल, तर त्यावर लिंबाच्या रसाचा थेंब पाच मिनिटे ठेवून धुवा. तिथे काच स्वच्छ झाली, तर तो पाण्यातल्या क्षारांचा थर होता. तसाच राहिला, तर काचच झिजली आहे आणि त्याला उपाय नाही. काचेला राख-वाळू लावू नये. वाळूतली गारगोटी काचेहूनही कठीण असते. एकात एक अडकलेले पेले ओढू नका. आतल्या पेल्यात थंड पाणी ओता आणि बाहेरचा कोमट पाण्यात धरा. आतला आकसतो, बाहेरचा प्रसरण पावतो आणि दोघे सुटतात.

चिनी मातीच्या कपावरची झिलई हीही काचच. चहाचे डाग ओल्या फडक्यावर खायचा सोडा घेऊन निघतात. पण सोनेरी काठाला फडके लावू नका. ते सोने झिलईच्या वर असते आणि इतके पातळ, की दहा-वीस घासण्यांत जाते. लाकडी तबकडी पाण्यात बुडवू नये की भर उन्हात टाकू नये. बुरशी कोरड्या कापडाने पुसून ती सावलीत वाळवावी आणि तेलाचे बोट फिरवावे.

आणखी एक गोष्ट, आणि ही थट्टेवारी नेऊ नका. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल असलेले कोणतेही द्रावण कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू सुटतो.

आत्याने मला रागे भरले नाही. तिने तबक पुसले आणि गुलाबी डागांवर विड्याची पाने मांडून ते गौरींपुढे ठेवले. ती अत्तरदाणी आता माझ्याकडे आहे. पावसाळ्याआधी मी ती पूर्ण कोरडी करून जुन्या धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळतो आणि झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात ठेवतो. काळी पडली तर सोड्याच्या पाण्यात बुडवतो, घासत मात्र नाही. पणजीच्या नावातली पहिली तीन अक्षरे अजून वाचता येतात.