गोल्फचा लहान टोला आणि पावसाळ्याचे दिवस

पावसाळा लागला कीं मैदानें चिखलानें भरतात, बॅट-चेंडू कोपऱ्यांत पडतात, आणि आमचे विद्यार्थी समजतात कीं आतां चार महिने खेळ संपला. ही समजूत किती चुकीची आहे, हें आम्ही गोल्फच्या उदाहरणानें दाखवूं इच्छितों. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानास लोक अद्यापि गोल्फ क्लब मैदान म्हणतात. परंतु हा खेळ कसा असतो हें आपणांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

गोल्फच्या पूर्ण मैदानांत अठरा खळगे असतात. प्रत्येकाचा व्यास सव्वाचार इंच. दांड्यानें टोले मारीत चेंडू दुरून आणून त्यांत घालावयाचा. ज्याचे टोले कमी, तो जिंकला. पुष्कळ मैदानांवर कुशल खेळाडूस ७२ टोले पुरेसे मानतात. त्यांत खळग्याभोंवतालच्या कातरलेल्या हिरवळीवर प्रत्येकीं दोन, म्हणजे एकंदर ३६ टोले धरलेले असतात! अडीचशें यार्डांच्या टोल्यास टाळ्या पडतात. पण हिशेबांत एका फुटाचा टोलाही तितकाच, म्हणजे एकच.

१९७० सालीं स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज येथें ब्रिटिश ओपन स्पर्धेंत डग सँडर्सचा चेंडू शेवटच्या खळग्यापासून सुमारें तीन फुटांवर होता. तेवढा टोला साधता तर विजय त्याचाच होता. तो चुकला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां सामना होऊन जॅक निकलस एका टोल्यानें जिंकला.

या लहान टोल्याच्या अभ्यासास ना विस्तीर्ण मैदान लागतें, ना कोरडें आकाश. घरांत सतरंजी सपाट पसरावी, तीन फुटांवर नाणें ठेवावें, व चेंडू त्यावरून जाईल असा ढकलावा. डोकें व मनगटें स्थिर असावीं. खांदे व हात मात्र घड्याळाच्या लंबकाप्रमाणें हलावे. अंतराचा अंदाज येण्यासाठीं चेंडू भिंतीजवळ थांबेल, पण भिंतीस लागणार नाहीं, असा मारून पाहावा. उघडीप मिळाल्यास अंगणांत दहा पावलांवर गोणपाट पसरून चेंडू त्यावर टाकावा. या वेळीं शरीराचा भार पुढील पायावर असावा, आणि दांडा आधीं चेंडूस लागून मग जमिनीस लागावा. रोज वीस टोले मारावे व साधले किती तें वहींत लिहावें. वही कोणाची खोटी स्तुति करीत नाहीं.

साहित्य महाग आहे, ही पालकांची अडचण आम्ही जाणतों. परंतु स्पेनमधील पेद्रेन्या गांवीं १९५७ सालीं जन्मलेल्या सेव्हे बायेस्तेरोसची हकीकत ऐका. लहानपणीं एकच दांडा घेऊन तो समुद्रकांठच्या वाळूंत तासन्‌तास टोले मारी. उंच, ठेंगणे, लांबचे, जवळचे असे सारे टोले त्या एकाच दांड्यानें साधण्याची युक्ति त्यास शोधावी लागली. १९७९ सालीं, वयाच्या बाविसाव्या वर्षीं, त्यानें ब्रिटिश ओपन जिंकली. आणि हिरवळीजवळच्या खेळांत त्याची बरोबरी करणारे फार थोडे झाले.

जें गोल्फचें तेंच क्रिकेटचें, आणि तेंच गणिताचें व हस्ताक्षराचें. शुभवर्तमानांतील रुपयांच्या दृष्टांतांत एका दासानें आपला ठेवा जमिनींत पुरून ठेवला, व धनी परत आल्यावर त्याजपाशीं दाखविण्यास वाढ कांहींच नव्हती. पावसाळ्याचे हे चार महिनेही आपणांस मिळालेला ठेवाच होत. मुलांनो, ते पुरून ठेवूं नका.