पट्टीची परीक्षा

डेअरीच्या गेटवर टँकर लागला की केमिस्टच्या हाताशी जेमतेम पंधरा-वीस मिनिटं असतात. तेवढ्यात फॅट, एसएनएफ, आम्लता बघायची, भेसळीच्या चाचण्या उरकायच्या आणि दूध उतरवून घ्यायचं की नाही ते सांगायचं. या यादीत आता अफ्लाटॉक्सिन एम-1 ची भर पडली आहे. सरकी पेंड, मका किंवा नीट न दाबलेला मुरघास यांवर बुरशी चढली की त्यात अफ्लाटॉक्सिन बी-1 हे विष तयार होतं. जनावराच्या पोटात ते गेलं की यकृतात त्याचं एम-1 होतं आणि दुधावाटे बाहेर पडतं. दूध कितीही उकळा, पाश्चराइज करा, ते जात नाही. 2018 साली एफएसएसएआयने देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यांतल्या 5.7 टक्के नमुन्यांत एम-1 मर्यादेपेक्षा जास्त निघालं.

ही मर्यादा आहे किलोमागे 0.5 मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये मर्यादेएवढं विष असेल तर ते सगळं मिळून सुमारे पाच मिलिग्रॅम भरेल, म्हणजे तांदळाच्या एका दाण्याचा पाव भाग. प्रयोगशाळेतल्या एचपीएलसी यंत्रावर ते अचूक मोजता येतं. पण दूध सेंट्रिफ्यूज करा, मलई काढा, कॉलममधून सोडा, मग यंत्रावर चढवा, यात काही तास जातात. टँकर तितका वेळ उन्हात उभा करता येत नाही, म्हणून गेटवर जलद चाचणीची पट्टी वापरायची. आणि पट्टीच्या भरवशावर दूध घ्यायचं तर आधी पट्टीचीच परीक्षा घ्यायला हवी. प्रयोगशाळेत माझ्याकडे ते काम असतं.

या पट्टीवर दोन रेघा उमटतात, एक कंट्रोलची आणि एक टेस्टची. नवख्या माणसाला वाटतं, टेस्टची रेघ दिसली म्हणजे विष सापडलं. इथे नेमकं उलट आहे. पट्टीतल्या रंगीत कणांवर एम-1 ला धरणारी प्रतिपिंडं असतात. दुधात विष नसेल तर ती मोकळी राहतात, पुढे जाऊन टेस्टच्या रेघेवर चिकटतात आणि रेघ ठसठशीत दिसते. विष असेल तर त्यांची जागा आधीच अडलेली असते, मग रेघ फिकी पडते. पुरेसं विष असेल तर ती उमटतच नाही. त्यामुळे प्रश्न नेहमी फिकट रेघेचा असतो. टेस्टची रेघ कंट्रोलपेक्षा गडद आहे, तेवढीच आहे की किंचित उतरली आहे? एकाच पट्टीवर दोन माणसं दोन निकाल देतात, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे.

परीक्षेची तयारी ब्लँक दुधापासून होते, म्हणजे ज्यात एम-1 नाही असं दूध. हे मिळवणंच मोठं काम आहे. चांगल्या गोठ्यातलं दूध आणलं तरी आधी एचपीएलसीवर खात्री करावी लागते. मग गडद काचेच्या बाटलीतलं प्रमाणित द्रावण हातमोजे घालून, पिवळ्या दिव्याखाली, पिपेटने मोजून दुधात सोडायचं. उजेडात एम-1 ची मोडतोड होते, त्यामुळे खिडक्या बंद. शून्य, 0.3, 0.4, 0.5, 0.6 अशा पातळ्या तयार होतात. सहकारी बाटल्यांवर आकडे न लिहिता फक्त संकेतांक टाकतो आणि यादी स्वतःजवळ ठेवतो. पट्टी वाचणाऱ्याला बाटलीत काय आहे ते कळता कामा नये. माहीत असलं की डोळा रेघ हवी तशी पाहतो.

शून्याला आणि 0.6 ला बहुतेक पट्ट्या पास होतात. खरा कस 0.4 आणि 0.5 ला लागतो. 0.5 चं दूध सुटता कामा नये, म्हणून पट्टीचा उंबरठा मुद्दाम थोडा खाली ठेवलेला असतो. त्याची किंमत म्हणजे 0.4 चं, कायद्याने चालणारं दूधही कधीकधी अडतं. ते मला मान्य आहे, पण एका अटीवर : अडलेला प्रत्येक नमुना एचपीएलसीवर गेला पाहिजे. नुसत्या पट्टीवर एखाद्या संस्थेचं दूध परत पाठवणं हा शेतकऱ्यावर अन्याय आहे.

आता आकड्यांचं. किटसोबत आलेल्या माहितीपत्रकात 20 पैकी 20 नमुने बरोबर आल्याचं छापलेलं असतं आणि खरेदी विभाग त्यावर खूश होतो. पण 20 पैकी 20 बरोबर आल्यावर 95 टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की चुकांचं प्रमाण साधारण 14 टक्क्यांच्या वर नसावं. ते पाच टक्क्यांच्या आत आहे असं म्हणायला सलग सुमारे 60 नमुने बिनचूक यावे लागतात. साठ पट्ट्यांचा खर्च ऐकून वरिष्ठांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरीही मी त्यावर अडून बसते.

त्याहून मोठा मुद्दा दुधाचा आहे. मी पाहिलेल्या किटांची मूळ चाचणी बहुधा गाईच्या दुधावर झालेली असते. आपल्याकडे सहा-सात टक्के फॅटचं म्हशीचं दूध येतं, कधी गाई-म्हशीचं एकत्र, कधी आंबायला लागलेलं, कधी आंबटपणा लपवायला सोडा घातलेलं. म्हणून तसंच दूध मुद्दाम तयार करून पट्टीवर घालते. बल्क कूलरमधून थेट आलेलं थंड, दाट म्हशीचं दूध पट्टीवर रेंगाळत चढतं आणि ठरलेल्या वेळेत दोन्ही रेघा फिक्या राहतात. पट्टी वाचणारं यंत्र दोन्हींचं गुणोत्तर काढत असल्यामुळे निभावून नेतं, डोळा मात्र फसतो. तेच दूध सांगितलेल्या तापमानाला आणून घेतलं की रेघा ठीक येतात. सूचनेतली ही ओळ गेटवर सगळ्यात आधी वगळली जाते. म्हणून परीक्षेत मी रात्रपाळीच्या मुलालाही बसवते. रोज पट्टी तोच वाचणार आहे.

"मॅडम, पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर?" त्यानेच एकदा विचारलं. त्या प्रश्नावरून आम्ही दमट हवेत उघड्या ठेवलेल्या पट्ट्याही चाचणीत घेतल्या. ओल धरलेल्या पट्टीवर दूध नीट वर चढत नाही. तेव्हापासून डब्यात सिलिका जेलची पुडी आणि झाकणावर उघडल्याची तारीख सक्तीची आहे.

साल्मोनेलासारख्या जिवाणूंच्या जलद चाचण्यांची परीक्षा आणखी अवघड असते. दूध पावडरच्या 25 ग्रॅममध्ये एकही साल्मोनेला चालत नाही, म्हणून आधी रात्रभर पोषक द्रवात वाढवून मगच तो शोधावा लागतो. परीक्षेसाठी जिवाणू इतके कमी टाकतात की साधारण निम्मेच नमुने पॉझिटिव्ह यावेत, कारण सगळेच आले तर जलद आणि नेहमीच्या पद्धतींतला फरक कळणार नाही. शिवाय ते जिवाणू आधी कोरडे करून अर्धमेले केलेले असतात, कारण पावडरीत ते तसेच सापडतात.

एम-1 च्या पट्टीची परीक्षा एकदा पास झाली तरी काम संपत नाही. खोक्यावरचा बॅच क्रमांक बदलला की ब्लँक आणि 0.5 चं दूध पुन्हा पट्टीवर घालून नोंदवहीत सही करायची. गेटवर नमुना अडला आणि एचपीएलसीने दुजोरा दिला की माझा पहिला फोन संकलन केंद्राला जातो : कुणी नवी पेंड उघडली, कुणाच्या मुरघासाच्या खड्ड्यात पाणी शिरलं? ते खाद्य बंद केलं की काही दिवसांत जनावराच्या दुधातलं एम-1 उतरतं. मग त्याच गोठ्याचं दूध पुन्हा मागवून तपासते.