चिंध्यांचे चीवर

आश्विन पौर्णिमेला भिक्खूंचा वर्षावास संपतो आणि कार्तिक पौर्णिमेपर्यंत कठिन चीवरदानाचा काल असतो. ‘कठिन’ म्हणजे वस्त्र ताणून शिवण्याची चौकट. याच सुमारास एटापल्लीकडचे धान पिकू लागते. बांधांनी आखलेल्या तेथील बांध्या पाहाव्यात आणि चीवर आठवावे! मगधातील आखीव शेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला तसे वस्त्र करण्यास सुचविले व त्याने तुकडे जोडून ते सिद्ध केले, अशी कथा ‘महावग्गा’त आहे.

आरंभी हे तुकडे उकिरड्यावरचे, स्मशानातले असत. ते धुऊन, शिवून, मुळ्यांच्या व सालींच्या रंगात बुडवीत. या वस्त्राचे नाव ‘पांसुकूल’. पुढे जीवक वैद्याच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेले वस्त्र घेण्याची मुभा मिळाली. तरी ते कापून, जोडून वापरण्याची रीत राहिली.

मनुस्मृतीने प्रेतावरचे वस्त्र चांडाळावर लादले, ते हीनत्वाची खूण म्हणून. संघात तसलेच वस्त्र स्वेच्छेने पांघरले गेले. शाक्य राजपुत्र आणि उपाली न्हावी यांचे चीवर एकाच तऱ्हेचे होते. एटापल्ली ज्या जिल्ह्यात तेव्हा मोडत असे, त्या चांद्यास १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा दिली. तेथे जमलेल्यांना या दोहोंतील अंतर निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नव्हती.

‘चुल्लवग्गा’त राजा उदयन आनंदाला विचारतो, “पाचशे उत्तरीये दानात मिळाली, इतक्यांचे करणार काय?” आनंद सांगतो, की ज्यांची चीवरे झिजली त्यांना ती वाटू. झिजलेल्यांची पांघरुणे, त्यांच्या गाद्यांच्या खोळी, मग जमिनीवरची अंथरुणे, पायपुसणी, फडकी. आणि अखेर चिंध्या मातीत कालवून भुई लिंपू. राजा संतुष्ट होऊन आणखी पाचशे वस्त्रे देतो.

सणानिमित्त जुने कपडे गोळा करून दूरच्या गावी पाठविण्याची प्रथा आज रूढ आहे. पाठविण्यापूर्वी ते धुवावेत, उसवलेले शिवावेत, गुंड्या लावाव्यात. जे आपल्या अंगावर घालवणार नाही, ते दुसऱ्याच्या अंगावर टाकू नये. त्याची घरीच गोधडी शिवावी. दानाची प्रतिष्ठा वस्त्राच्या नवेपणात नसते. घेणाऱ्याची मान ताठ राहिली, तरच ते दान!