कुष्ठमुक्तीनंतरची प्रतिकारप्रक्रिया : स्वप्रतिरक्षेचे स्वरूप आणि ग्रामीण भागातील पाठपुराव्याचा प्रश्न

गोषवारा

बहुविध औषधोपचारामुळे कुष्ठरोग पूर्णपणे बरा होतो. तथापि औषधांचा क्रम पूर्ण झाल्यानंतरही काही व्यक्तींच्या शरीरात प्रतिकारयंत्रणेचा क्षोभ सुरू राहतो आणि त्यातून त्यांचे चेतातंतू, डोळे व सांधे यांना इजा पोहोचते. या क्षोभात स्वप्रतिरक्षेचा वाटा किती, हा वैद्यकशास्त्रातील महत्त्वाचा प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप स्पष्ट करून अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात तिच्या सामाजिक परिणामांचा विचार केला आहे.

बीजशब्द : कुष्ठरोग, प्रतिकारप्रक्रिया, स्वप्रतिरक्षा, चेतातंतू, पाठपुरावा.

१. प्रस्तावना

‘कुष्ठरोग बरा होतो’ हे वाक्य आपण भिंतींवर, दवाखान्यांत आणि पाठ्यपुस्तकांत वाचत आलो आहोत. ते पूर्णतः खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली बहुविध औषधोपचाराची शिफारस केली आणि १९८३ पासून भारतात राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रम राबविला जाऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये दर दहा हजार लोकसंख्येमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशपातळीवर साध्य झाले. असे असले तरी जगात दरवर्षी आढळणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक रुग्ण आजही भारतातील आहेत.

येथे ‘बरा होणे’ या संज्ञेचा नेमका अर्थ पाहणे आवश्यक ठरते. शासकीय नोंदीत रुग्ण बरा होतो तो औषधांचा ठरलेला क्रम पूर्ण झाल्यावर. त्या वेळी शरीरातील जंतू मेलेले असतात. परंतु ते शरीराबाहेर गेलेले नसतात. जंतूंचे मृत होणे आणि शरीराचे शांत होणे या दोन घटनांमध्ये कधीकधी अनेक वर्षांचे अंतर पडते. प्रस्तुत लेखाचा विषय हे अंतर हाच आहे.

२. मृत जंतू आणि जागृत शरीर

कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉ. हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. तो अत्यंत मंद गतीने वाढतो. त्याला एकदा दुप्पट होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. त्वचेतील भक्षक पेशी आणि चेतातंतूंभोवती आवरण तयार करणाऱ्या श्वान पेशी ही त्याची प्रमुख आश्रयस्थाने होत. रिफाम्पिसिनमुळे जंतू लवकर मरतात. मात्र त्यांचे मेणचट आवरण सहजासहजी विरघळत नाही. ज्याच्या शरीरात जंतूंचे प्रमाण मोठे होते, अशा व्यक्तीच्या त्वचेत व चेतातंतूंत त्यांचे अवशेष कित्येक वर्षे टिकून राहतात. प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीने हे अवशेष परकेच असतात आणि ती त्यांच्याशी लढत राहते.

या लढ्याची तीव्र रूपे दोन आहेत. पहिल्या प्रकारात लसिका पेशी एकाएकी सक्रिय होतात. जुने चट्टे लाल होऊन फुगतात, चेतातंतू सुजतात व दुखतात आणि हाताची किंवा पायाची शक्ती काही दिवसांतच कमी होऊ शकते. दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे आणि जंतूंचे अवशेष यांची संयुगे ऊतींत साचतात. ताप येतो, त्वचेवर दुखऱ्या गाठी उठतात आणि डोळे, सांधे, वृषण व मूत्रपिंड यांचाही दाह संभवतो. हा दुसरा प्रकार मुख्यतः जंतुसंख्या अधिक असलेल्या रुग्णांत आढळतो. हैदराबाद येथील एका दीर्घकालीन अभ्यासात (२००६) सर्वाधिक जंतुसंख्येच्या गटातील जवळजवळ निम्म्या रुग्णांत तो दिसून आला. तो औषधोपचार संपल्यानंतरही पुन्हा पुन्हा उद्भवू शकतो.

३. यास स्वप्रतिरक्षा म्हणावे काय?

शरीराने स्वतःच्याच घटकांना परके मानून त्यांच्यावर हल्ला करणे म्हणजे स्वप्रतिरक्षा. वर वर्णिलेल्या दोन्ही प्रकारांत मूळ लक्ष्य जंतूंचे अवशेष हेच असते. स्वतःच्या ऊतींची हानी ही त्या लढ्याची झळ असते. म्हणून काटेकोर अर्थाने या प्रतिक्रिया स्वप्रतिरक्षेचे रोग ठरत नाहीत. तथापि ही सीमारेषा सर्वत्र इतकी स्पष्ट नाही. त्याची तीन कारणे सांगता येतील.

पहिले कारण प्रतिपिंडांचे. जंतुसंख्या अधिक असलेल्या रुग्णांच्या रक्तात संधिवात घटक, पेशीकेंद्रविरोधी प्रतिपिंडे आणि कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडे आढळल्याच्या नोंदी अनेक देशांतून झाल्या आहेत. उपदंशासाठी केली जाणारी व्हीडीआरएल चाचणी अशा रुग्णांत उपदंश नसतानाही होकारार्थी येऊ शकते, त्याचे कारणही हेच होय. मात्र रक्तात स्वप्रतिपिंडे असणे आणि स्वप्रतिरक्षेचा रोग असणे या भिन्न गोष्टी आहेत. बहुसंख्य रुग्णांत ही प्रतिपिंडे असूनही तसा रोग होत नाही. दुसऱ्या बाजूने, सांधेदुखी आणि होकारार्थी संधिवात घटक एवढ्यावरून पूर्वीच्या कुष्ठरुग्णास संधिवाताचा रुग्ण ठरविणेही चुकीचे होईल.

दुसरे कारण रेणवीय साधर्म्याचे. जंतूच्या काही प्रथिनांची रचना मानवी प्रथिनांच्या रचनेशी अंशतः जुळते. त्यामुळे जंतूविरुद्ध घडलेली प्रतिपिंडे किंवा लसिका पेशी स्वतःच्या घटकालाही शत्रू समजू शकतात. दिल्ली येथील लेप्रसी मिशनच्या स्टॅन्ली ब्राउन प्रयोगशाळेतील संशोधकांनी २०१५ मध्ये जंतूची दोन प्रथिने आणि चेतातंतूंच्या आवरणातील मायलिन बेसिक प्रथिन यांच्यातील असे साधर्म्य दाखवून दिले. चेतातंतूंच्या हानीची ही एक संभाव्य कारणमीमांसा आहे.

तिसरे कारण दडलेल्या घटकांच्या उघड होण्याचे. चेतातंतूंचे अंतर्गत घटक एरवी प्रतिकारयंत्रणेच्या दृष्टीआड असतात. दाहामुळे आवरण फाटले की ते उघडे पडतात आणि त्यांच्याविरुद्ध नवी प्रतिक्रिया सुरू होण्याची शक्यता निर्माण होते. येथे आणखी एका संशोधनाचा उल्लेख आवश्यक आहे. २०१७ मध्ये झेब्राफिश या लहान माशावर झालेल्या प्रयोगांतून असे दिसले की, जंतूच्या आवरणातील विशिष्ट मेदद्रव्यामुळे भक्षक पेशीच चेतातंतूंना इजा करू लागतात. म्हणजेच चेतातंतूंची हानी समजून घेताना जंतूइतकाच शरीराच्या प्रतिसादाचाही विचार करावा लागतो.

४. प्रतिक्रिया, पुनरुद्भव आणि गैरसमज

औषधे संपल्यावर चट्टे पुन्हा लाल झाले की रुग्णास व शेजाऱ्यांस ‘रोग उलटला’ असे वाटते. वस्तुतः पुनरुद्भव क्वचित आणि हळूहळू होतो. त्यात बहुधा नवे चट्टे येतात. प्रतिक्रिया मात्र अकस्मात येते, जुने चट्टे फुगवते आणि वेदना देते. उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तीस प्रतिक्रिया आली म्हणून तिच्यापासून संसर्ग होत नाही. हा भेद न कळल्यास अशी व्यक्ती भीतीपोटी आजार लपविते, आणि मौल्यवान काळ निघून जातो.

हा काळ खरोखरच मोजका असतो. चेतातंतूंची हानी सहा महिन्यांच्या आतील असल्यास प्रेडनिसोलोनच्या उपचाराने कार्य परत येण्याची आशा असते; त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. हा उपचार साधारणपणे १२ ते २० आठवडे, मात्रा क्रमाने कमी करीत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यावा लागतो आणि तो मध्येच एकाएकी थांबविणे धोक्याचे असते.

५. अहिल्यानगर जिल्ह्याचा संदर्भ

महाराष्ट्रातील कुष्ठसेवेची परंपरा मोठी आहे. मनोहर दिवाण यांनी १९३६ साली वर्ध्याजवळ सुरू केलेले दत्तपूरचे कार्य आणि बाबा आमटे यांचे आनंदवन ही तिची ठळक उदाहरणे होत. या संस्थांत रुग्ण दीर्घकाळ वास्तव्यास असत. त्यामुळे उपचारानंतरचे त्रासही सेवकांच्या नजरेस येत. आज रुग्ण घरी राहून प्राथमिक आरोग्य केंद्रातून औषध घेतो. हे सर्वथा इष्ट आहे. परंतु क्रम पूर्ण होताच त्याच्यावरची नजर हटण्याचा संभव वाढतो.

या दृष्टीने आपल्या जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण बोलके आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. कुष्ठरुग्णांसाठी वेगळी वसाहत न करता त्यांची तपासणी व उपचार सर्वसामान्य आरोग्यसेवेतच सामावून घेण्यात आले. गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून बधिर चट्टे ओळखण्यास शिकल्या. अशी सेविका त्याच गावात राहते. त्यामुळे उपचार संपल्यावरही तिचा व रुग्णाचा संबंध तुटत नाही. प्रतिक्रियेची पहिली लक्षणे टिपण्यासाठी नेमकी हीच व्यवस्था लागते. आज ही भूमिका आशा कार्यकर्तीकडून अपेक्षित आहे.

जिल्ह्याची एक अडचण मात्र वेगळी आहे. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून मोठ्या संख्येने मजूर ऊसतोडीसाठी स्थलांतर करतात. हंगाम चार ते सहा महिन्यांचा असतो. कोपराजवळील चेतातंतूस सूज आली की करंगळी व अनामिका बधिर होतात, पंजाची पकड सैल पडते आणि कोयता धरणे कठीण होते. मुकादमाकडून उचल घेतलेला मजूर काम सोडून गावाकडच्या केंद्रात येऊ शकत नाही. हंगामाचा काळ आणि चेतातंतू वाचविण्याचा काळ जवळजवळ सारखाच असल्याने, हंगाम संपेपर्यंत थांबणे म्हणजे हात गमावणे ठरू शकते. अशा मजुराजवळ पूर्वीच्या उपचाराची नोंद असलेले कार्ड असणे आणि साखर कारखान्याच्या परिसरातील आरोग्य केंद्राने ते ग्राह्य मानून उपचार सुरू करणे अगत्याचे आहे.

६. समारोप

१८९८ चा कुष्ठरुग्णविषयक कायदा २०१६ साली रद्द झाला. त्याच वर्षीच्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘कुष्ठरोगातून बरी झालेली व्यक्ती’ असा स्वतंत्र प्रवर्ग ठेवून हातापायांची बधिरता व विकृती यांची दखल घेतली. रोग बरा झाला तरी त्याचे परिणाम उरतात, हे कायद्याने मान्य केले आहे. विज्ञान त्याच्याही पुढे जाऊन सांगते की, यांपैकी पुष्कळसे परिणाम वेळीच उपचार झाल्यास टळू शकतात.

महाविद्यालयीन अध्यापकांस या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत ‘कुष्ठरोग बरा होतो’ या घोषणेबरोबरच ‘बरे झाल्यावरही हातापायांतील नवी बधिरता, अशक्तपणा, डोळ्यांची लाली किंवा दुखऱ्या गाठी दिसताच दवाखान्यात जावे’ हे दुसरे वाक्यही विद्यार्थ्यांनी गावोगावी पोहोचवावे. पहिल्या वाक्याने समाजाची भीती कमी झाली. दुसऱ्या वाक्याने काही माणसांचे हात वाचतील.